तीन आणि चारच्या मधला रकाना

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. साधासुधा नाही हं, चौकटी आखलेला, आलेख काढायचा. पण आज टिमकी वाजवायची नाही, एक कबुली द्यायची आहे.

सुताराने मला मनापासून घडवलं. मग रंगाऱ्याने दोरी ताणून पांढऱ्या रेघा मारल्या. तीन आणि चार क्रमांकांच्या रेघांमधे त्याची दोरी बोटभर सरकली, तो रकाना अरुंद झाला आणि पुढच्या सगळ्या रेघाही तेवढ्याच सरकल्या. "चालतंय, कोण मोजायला बसलंय!" म्हणत तो ब्रश धुवायला गेला.

मला कलनाच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, पहिल्या वर्गात टांगलं. तिथले सर मुलांकडून रोज समीकरणांचे आलेख काढून घेत. स्वतः वक्ररेषा हातानेच झोकात काढत, त्यात माझी खोट लपून जाई. येणारेजाणारे माझं कौतुक करत आणि मी आपला फुगून बसे.

सरळ रेषेचा आलेख आला, की मात्र चारपासूनचे ठिपके पट्टीबाहेर पडत. बेरकी मुलं ते बोटाने पुसून गुपचूप पट्टीखाली घेत. वर्गात गावातल्या गवंडीकाकांची मुलगी होती, तिने तसं केलं नाही. सर वैतागले, "अगं, सरळ रेषेचा चढ मधेच बदलतो का? तुला गणित येतच नाही!" त्यानंतर ती वर्गात आली नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलणार कसा? फार वाईट वाटलं मला.

काही वर्षांनी कपडे शिवणारी एक ताई शिकायला आली. दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. तिसरीही गेली, तर नाव कमी होणार होतं. तिसऱ्या चाचणीला तिने माझ्यावर आलेख काढला आणि ठिपके पुन्हा बाहेर पडले.

"ताई, माझाही नाइलाज आहे," सर म्हणाले.

"सर, आकडेमोड तीनदा तपासली. ठिपका सरकवला तर पास होईन हो, पण तो तिथे नाहीये!" मग तिने पिशवीतून टेप काढली आणि माझे रकाने मोजू लागली. "सहा. सहा. सहा... साडेचार."

सरांनी टेप घेऊन तो रकाना स्वतः पुन्हा मोजला. ताई पास झाली. पण सरांना दुसरंच कुणी आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ते गवंडीकाकांच्या घरी गेले आणि एकटेच परतले. वर्गाला म्हणाले, "चूक फळ्याची होती, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, 'असू द्या सर. मला गणित येत नाही.'"

मित्रांनो, आता माझ्या रेघा नव्याने आखल्या आहेत. तरी एवढं ऐका. कुणी म्हणालं, "माझं जुळत नाहीये," तर त्याला चूक ठरवण्याआधी एकदा मला मोजा.