खंडेनवमीचं कुंकू

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. तोफेतला नव्हे, मुली मैदानावर फेकतात तो, चार किलोचा. मित्रांनो, भीती वाटली की माणसं म्हणतात, पोटात गोळा आला. मी स्वतःच गोळा. माझी भीती मी कुठं ठेवू?

माझा जन्म कापूरहोळचा. तिथं हायवेलगत गेनबा मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. त्यांची भाची राजनंदिनी गुंजवणे गावची. शाळेत असताना ती दगड फेकून सराव करायची. ते पाहून मामांनी मोडीतल्या ट्रकचं लोखंड लेथवर चढवलं, मला गरगरीत केलं आणि शेजारच्या किराणा दुकानात तराजूवर टाकलं. दुकानदारानं विचारलं, सोबत साखर बांधू का? माझ्या अंगावर लेथच्या बारीक रेघा तेवढ्या राहिल्या. त्यांनीच पुढं घात केला.

राजनंदिनी मला भाताच्या रिकाम्या खाचरात फेकायची. मी रुतायचो, ती उपसून ओढ्यात धुवायची आणि ओढणीनं पुसायची. तिची आई सगुणाबाई बांधावरून कुरकुरायची, की पोरीनं खाचराची चाळण केली. पण रोज भाकरी घेऊन तिथंच बसायची. आम्ही जिल्ह्यात पहिले आलो आणि एका विद्यापीठानं तिला बोलावून घेतलं. वसतिगृहात तिला वेल्ह्याची रत्ना भेटली, तीही गोळाफेक करणारी. दोघींत मी एकटा, तरी माझ्यावरून कधी भांडण झालं नाही.

खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांची पूजा होते. नांगर, कोयता, शिवणयंत्र, मोटारगाडी. मग मी का मागं राहू? दोघींनी मला पाटावर बसवलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि तेलात कालवलेलं कुंकू लावलं. ते रेघांत मुरलं. त्या दिवशी मी नवरदेवासारखा मिरवत होतो.

त्याच संध्याकाळी विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख मैदानाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरले. डोकं फुटलं. संघात ते ओळखीच्याच मुली घेतात, अशी तक्रार या दोघींनी नुकतीच केली होती. तो राग त्यांनी असा काढला: पोरींनी मला गोळ्यानं मारलं, असं पोलिसांना सांगितलं. पोलीस खोलीत आले. माझ्यावरचा लाल डाग पाहून त्यांनी मला रुमालात उचललं.

"साहेब, ते कुंकू हाय," राजनंदिनी म्हणाली. "आज खंडेनवमी हाय. तुमच्या गाडीलाबी लावलंय की."

खरंच लावलं होतं. दाराशी उभ्या जीपला झेंडूचा हार होता. पण ऐकतो कोण?

विद्यापीठानं दोघींना एका शब्दानं न विचारता काढून टाकलं. नावाला बट्टा नको, म्हणे. सरकारी वकिलांनी मला कोर्टात उंच धरून सांगितलं, हे रक्त आहे. मी आतल्या आत ओरडत होतो. लोखंडाला तोंड नसतं, मित्रांनो. पण तोंड असलेल्यांनी तरी काय दिवे लावले?

मग मी मुद्देमालाच्या खोलीत पडलो, कापडी पिशवीत, लाखेच्या सीलखाली. शेजारी गावठी दारूचे कॅन. अंगावर गंज चढत गेला. तारखेला मला कोर्टात नेत, तेव्हा बाहेरचं काहीबाही कानावर पडे. जामीन होईपर्यंत दोघी तुरुंगात होत्या. रत्ना सुटून आली, तर लोकांची कुजबुज थांबावी म्हणून वडिलांनी घाईघाईनं तिचं लग्न लावून दिलं, दूर कुठल्याशा गावी. राजनंदिनी वरवे गावाजवळच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. फेकायची वर्षं तारखांतच गेली.

दोघींची बाजू लढणाऱ्या भोरच्या वकील वैदेहीताईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. डाग तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं काय कळवलं, एवढंच त्या दर वेळी विचारत. शेवटी न्यायाधीशांनी दरडावलं तेव्हा उघड झालं. हे रक्त नाही, असं प्रयोगशाळेनं केव्हाच कळवलं होतं आणि सरकारी वकिलांनी ते दाबून ठेवलं होतं. मग क्रीडाप्रमुखांनीही पाय घसरल्याचं कबूल केलं.

दोघी निर्दोष सुटल्या. सरकारी वकिलांचं पद गेलं. आता ते स्वतःच आरोपीच्या जागी उभे राहतात. क्रीडाप्रमुखांची नोकरी सुटली. विद्यापीठाला जाहीर माफी मागावी लागली. मी राजनंदिनीच्या हाती परत आलो, आणि पाठोपाठ शाल-नारळ घेऊन कुलगुरू गुंजवण्याला आले. झालं ते फार वाईट झालं, म्हणाले. पुन्हा या, पुन्हा खेळा.

"साहेब, शाल ऱ्हाऊ द्या," राजनंदिनी म्हणाली. "रत्नाला आणा. मंग आमी दोघी खेळू."

शाल घडीसकट गाडीत परत गेली.

त्यानंतर एकदाच तिनं मला खाचरात नेलं आणि मानेशी धरलं. मग हात सैल सोडला. मी तिच्या पायाशीच पडलो. तिनं मला उचललं नाही. दिवेलागणीला सगुणाबाईंनीच आणून कोनाड्यात ठेवलं.

परवा खंडेनवमी झाली. सगुणाबाईंनी विळा, कोयता, नांगराचा फाळ मांडला आणि मलाही पाटावर घेतलं. किती वर्षांनी! कुंकवाचं बोट माझ्यापाशी आलं, तोच राजनंदिनीनं आईचा हात धरला.

"ह्याला नगं, आये. कुणी बघंल."

कुणावर आळ घेण्याआधी त्याचं ऐकून घ्या, एवढंच मी तुम्हाला सांगणार होतो. पण मित्रांनो, आता माझं एक मागणं आहे. घरातल्या सगळ्या अवजारांना कुंकू आहे, मी एकटा कोरडा आहे. कधी गुंजवण्याला आलात, तर तिला एवढं सांगाल का, की दाराशी आता पोलिसांची जीप उभी नाही?