काजव्यांना खोटा इशारा

फैजपूरच्या एका कॉलेजात लीलाधर सर प्राणिशास्त्र शिकवत. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी एका मासिकात अमेरिकेतल्या काजव्यांबद्दल वाचलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. तिथल्या एका जातीची मादी परक्या जातीच्या मादीसारखी हुबेहूब लुकलुकते. परका नर बोलावणं आलं समजून हुरळून जवळ जातो, आणि ती त्याला चक्क खाऊन टाकते.

आपल्याकडचे काजवेही असे फसतात का? सर दिवेलागणीला गिरधरनानांच्या केळीच्या बांधावर जाऊन बसू लागले. काजवा लुकलुकला की क्षणभर थांबायचं आणि हातातली बारीक बॅटरी दाबायची. बरेच दिवस एकानेही दाद दिली नाही. मग एका संध्याकाळी एक काजवा वळला, खाली उतरला आणि थेट त्यांच्या मनगटावर बसला. सर इतके हरखले की बॅटरी लागोपाठ दाबतच राहिले.

तेवढ्यात एक टेम्पो दिवे बंद करून बांधाशी येऊन थांबला. दोघं उतरले.

"घड कुठी ठेवले?" एकाने दबक्या आवाजात विचारलं. "झुलाल नाही आला?"

झुलाल नानांचा राखणदार. नानांनीच माल न्यायला माणसं पाठवली असतील, असं सरांना वाटलं.

"थांबा, बोलावतो," म्हणत त्यांनी वर्गातल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "झुलाऽऽल! टेम्पो आला रे!"

झुलाल आलाच नाही. काठ्या घेतलेले गडी आणि त्यांच्यापुढे नाना आले. केळीत लपवलेले घड सापडले आणि टेम्पोवाल्यांनी झुलालचं नाव सांगून टाकलं; बांधावर बॅटरी लुकलुकली की यायचं, असा त्याचा इशारा ठरला होता.

"पण सर, तुम्ही अठी काय करू राह्यले?" नानांनी विचारलं.

"काजव्यांना खोटा इशारा देत होतो."

नाना खो खो हसले. "काजवे म्हणे! चोरांचा इशारा बराबर ओळखला तुम्ही!"

सरांनी जीव तोडून खरं सांगितलं. लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

गावाने शाल-श्रीफळ दिलं. बांधावर मर्क्युरीचा मोठा दिवा लावला आणि त्याचं बटण सरांच्याच हातून दाबून घेतलं. लख्ख उजेड पडला. टाळ्या वाजल्या.

त्यानंतर सर रोज संध्याकाळी त्या उजेडात बसून राहत. मनगट मोकळंच. एकदा नाना कौतुकाने चहा घेऊन आले.

"बसा निवांत, सर," ते म्हणाले. "आता अठी चिटपाखरूबी फिरकत नाही."