चादरीची उन्हाळ्याची सुट्टी

मित्रांनो, मी सोलापूरची एक जुनी, जाडजूड चादर आहे. आधीच सांगते, मी वैतागलेली आहे. भवानी पेठेतल्या मागावर माझा जन्म झाला आणि लग्नाच्या आहेरात मी गुरुशांतच्या घरी आले. थंडीत राबायचं आणि उन्हाळ्यात डांबरगोळ्यांसोबत पेटीत झोपायचं, हा आम्हा चादरींचा धर्म.

एका मे महिन्यात गुरुशांतच्या बायकोनं, महेश्वरीनं मला पेटीतून ओढून काढलं. वर पत्रा तापलेला, घरातली माणसं ओल्या पंच्यानं मान पुसतायत, आणि ही मला गळ्यापर्यंत घेऊन म्हणते, "थंडी वाजतीय." अहो, मे महिन्यात, सोलापुरात! एवढ्यावरून कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला नको का?

पण नाही. महेश्वरी कडक भाकऱ्या करून विकायची. तिचे हात जड झाले, आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, केसांचे पुंजके माझ्यावर पडू लागले. सासू बसव्वा म्हणायची, "लई आळस भरलाय हिच्या अंगात." आळशी माणूस चादरीत तोंड खुपसून रडत नाही, हे मी कुणाला सांगणार? एका दुपारी ती स्वतःशीच म्हणाली, "मी खरंच आळशी हाय की काय?" त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

शेवटी भाकरी भाजता भाजता तिला बसल्या जागी झोप लागली आणि हात तव्यावर पडला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मलम लावलं आणि मग भर उन्हाळ्यात तिच्या खांद्यावर असलेल्या माझ्याकडे नीट पाहिलं. लगेच रक्त तपासायला लावलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कमी काम करत होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, असं ठरलं.

सुटले, असं मला वाटलं. कसली सुटते! या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाणीही तोंडात घालत नाही. पूजा आटोपली की बसव्वा पुढं यायची. "उपाशीपोटी गोळी उष्ण पडंल. आदी च्या घे, भाकरी खा." सुनेला आळशी म्हटल्याची टोचणी होती, म्हणून आता माया उतू चालली होती. पुन्हा रक्त तपासलं, तर फरक नाही. गोळी कशी घेते ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, चहा-भाकरीबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही. पूजा झाली की नुसत्या पाण्याबरोबर गोळी. मग तासभर काही नको."

तेव्हापासून बसव्वा चहाच्या पातेल्यापाशी पहारा देते. "थांब की. अजून येळ हाय." हळूहळू महेश्वरीचा आवाज सुटला, भाकऱ्यांची चळत वाढली. आणि या मे महिन्यात तिनं मला पायानं लाथाडलं. "काय उकडतंय गं बाई." मित्रांनो, एवढा आनंद मला आहेरातही झाला नव्हता.

पण परवा मला पेटीत ठेवताना ती सासूला म्हणते, "आत्या, आता बरं हाय की. गोळी बंद करू का?" माझा तर धागा न् धागा तडकला. बसव्वाच म्हणाली, "बाईंना इचारल्याबिगर न्हाय."

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला विसरू नका. मी उलटं मागते. भर उन्हाळ्यात कुणी चादर मागितली, तर त्या माणसाला आळशी म्हणू नका, तपासायला न्या. बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर सोडू देऊ नका. मला मात्र खुशाल विसरा. मी पेटीत पडून आहे, म्हणजे महेश्वरी बरी आहे.