सपाट रस्ता

"आज तरी मला पुढे बसू द्या की," तंबूची गुंडाळी बांधता बांधता शिवणकाकू म्हणाल्या. "कबूल केलंय तुम्ही."

"केलंय ना, मग बस की! मास्तरचा शब्द आहे," ड्रिलमास्तर म्हणाले. "पण नंतर रडायचं नाही हं."

मास्तरांनी शाळेत कवायत शिकवली आणि काकूंनी त्याच शाळेचे गणवेश पायमशीनवर शिवले, यातच दोघांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मास्तरांनी ही जोडसायकल घेतली. एकामागे एक दोन सीट, पायडलच्या दोन जोड्या, पण वळवायचं हँडल फक्त पुढच्याच्या हातात. मागच्याचं हँडल नुसतं धरायला. त्याला मागच्या चाकाचा ब्रेक तेवढा जोडलेला. उतार आला की मास्तर पुढून "दाब" म्हणून ओरडत आणि काकू दाबत. "सोड" म्हटलं की सोडत. संसारातही कामाची वाटणी साधारण अशीच होती.

मागच्या सीटवरून काकूंना दिसे ती मास्तरांची पाठ. अंगातला शर्टही त्यांनी स्वतःच शिवलेला, त्यामुळे त्यात नवीन बघण्यासारखं काही नव्हतं. आजवरच्या सगळ्या सहली त्यांनी मान वाकडी करून पाहिल्या होत्या. आजचा रस्ता दिवसभर समुद्राला लागून जाणार होता, तळहातासारखा सपाट. उद्या तो आत वळणार आणि चढ लागणार. समोर पसरलेला समुद्र बघायचा तर आजच.

आणखी एक गोष्ट होती, ती मास्तरांना ठाऊक नव्हती. त्यांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना सायकल चालवू द्या, पण जोर लावू देऊ नका. तेव्हापासून दोघांचा जोर काकू एकट्या लावत होत्या. पायमशीनवर मुरलेले पाय, ते कुरकुरत नसत. मास्तर चारचौघांत म्हणायचे, "आम्ही हमाल, मागे आमची महाराणी!" काकू हसण्यावारी न्यायच्या. पण मनातल्या मनात त्यांना या गोष्टीचा फार अभिमान होता.

काकू पुढे बसल्या. सायकल पहिल्यांदा जरा डुलली, मग सरळ धावू लागली. समोर कुणाची पाठ नाही. नुसता रस्ता, आणि त्याच्या कडेने थेट आभाळापर्यंत पाणी. काकूंना हसूच फुटलं.

"अहो, केवढा आहे हो!"

"समुद्र आहे तो. केवढा असणार?" मास्तर म्हणाले.

तेवढ्यात मागून दोन मुली आल्या. त्यांच्याही सायकलींवर तंबू बांधलेले. "काकू, एकदम भारी!" एक ओरडली. दुसरी मास्तरांना म्हणाली, "काका, मजा आहे तुमची. फुकटचा प्रवास!"

मास्तरही मोठ्याने हसले. मुली पुढे निघून गेल्या.

त्यानंतर सायकल जड झाली. काकूंना आधी वाटलं, भास असेल. मग मांड्या भरून आल्या. कुठूनतरी बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.

"अहो, कसला हो आवाज?"

"वाळू गेली असेल चेनमध्ये. तू पुढे बघ. का दमलीस?"

"नाही, नाही."

काकूंनी दात ओठ खाऊन पाय मारले. घाम डोळ्यांत उतरला आणि समुद्र दिसेनासा झाला. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. जिव्हारी लागलं ते निराळंच. इतके दिवस दोघांना आपण ओढतोय, हा आपला भ्रमच होता की काय? सपाट रस्त्यावर ही गत, मग चढावर ओढत होतं कोण? म्हणजे मास्तर म्हणत तेच खरं. आपण मागे बसून खुशाल मनाचे मांडे खात होतो.

चहाची टपरी दिसली तशा त्या उतरल्या.

"तुम्हीच बसा पुढे," त्या म्हणाल्या. "नाही जमत मला."

"मी आधीच म्हटलं होतं." मास्तरांनी इतक्या मायेने त्यांच्या पाठीवर थोपटलं की काकूंना रडूच आलं.

त्या दोन मुली टपरीवरच बसल्या होत्या. मास्तर ऐटीत त्यांच्याकडे गेले. "विचारा तुमच्या काकूला, कोण फुकट प्रवास करतं ते!" मग काकू कशा धापा टाकत होत्या त्याची त्यांनी नक्कल करून दाखवली. मुली हसल्या.

मागच्या चाकापाशी पिशवीचा पट्टा लोंबत होता. तो खोचायला काकू वाकल्या आणि त्यांची बोटं ब्रेकच्या पोलादी चकतीला लागली. चर्रकन भाजलं.

सकाळपासून एक उतार लागला नव्हता. "दाब" म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. आणि ब्रेकची मूठ होती मागच्या हँडलला.

काकूंनी बोटं पाण्याच्या पेल्यात बुडवली. एका मुलीने विचारलं, "काय झालं, काकू?"

"इस्त्री लागली," काकू म्हणाल्या. जन्मभराची सवय.

पुन्हा निघाले. मास्तर शीळ घालत पुढे, काकू मागे. जोडसायकलीची पायडलं एकमेकांना बांधलेली असतात. मागच्याने नुसते पाय ठेवले तरी ते गरागरा फिरतात, पुढच्याला काही दिसत नाही. काकूंनी नुसते पाय ठेवले.

थोड्या वेळाने मास्तरांची शीळ थांबली. मग बोलणं थांबलं. पाठीवरचा शर्ट भिजून चिकटला. खांदे वरखाली होऊ लागले. मास्तरांचा श्वास काकू रोज पाठीवरूनच मोजत. कुठला बरा आणि कुठला वाईट, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. हा वाईट होता. तरी काकूंनी पाय हलके ठेवले. आणखी थोडं, त्या मनाशी म्हणाल्या, आणि आणखी थोडं.

शेवटी मास्तरांनी सायकल थांबवली आणि ते कठड्यावर बसले. एक हात छातीवर. चेहरा राखेसारखा.

"जड झालीय गं... सायकल."

"वाळू गेली असेल चेनमध्ये," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी वर बघितलं. काकूंच्या बोटांवर फोड आले होते. त्यांची नजर त्या फोडांवर गेली, तिथून मागच्या ब्रेकवर, आणि मग ते समुद्राकडे बघत बसले. काकूंनी त्यांना पाणी दिलं, गोळी दिली. उरलेला रस्ता सायकल हातात धरून दोघं चालत गेले. काकू पुढे होत्या. समुद्र शेजारीच होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

ऊन उतरायच्या आत तंबू लागला. मुलींचा तंबू जवळच होता. "काका, गप्प का आज?" त्यांनी विचारलं, तर मास्तरांनी नुसता हात हलवला.

काकू त्यांचा शर्ट दोरीवर वाळत घालत होत्या.

"उद्या चढ आहे," मास्तर तंबूतून म्हणाले. शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज, पण आता तंबूबाहेरही जेमतेम आला. "जोर लावशील ना गं?"

"तुम्ही दाब म्हणा, मी दाबीन," काकू म्हणाल्या. "सोड म्हणा, सोडीन."



शर्टाची खांद्यावरची शिवण उसवली होती. सुईदोरा काकूंच्या पिशवीत होता, नेहमीच असायचा. त्यांनी उसवलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं, शर्टाला चिमटा लावला आणि त्या हात धुवायला गेल्या.