आधी दात, मग घास

नगरबाहेरच्या त्या वृद्धाश्रमात बन्सीबाबांना भरवणं फक्त आयाचं काम करणाऱ्या मनकर्णेला जमायचं, आणि तेच आता तिच्या गळ्याशी आलं होतं.

बाबा घोडेगावच्या बाजारातले जनावरांचे दलाल. आता पोरांची नावंही आठवत नव्हती. जेवायला बसवलं की जबडा घट्ट मिटून घ्यायचे. एकदा त्यांनी मनकर्णेची हनुवटी धरली. तिनं सहज तोंड उघडलं. बाबांनी बैलाचे बघावेत तसे दात निरखले, "जुळलंय, दात पुरं हायेत. घ्यायला हरकत न्हाई," म्हणाले, आणि त्यांचंही तोंड उघडलं. तिनं दुधात कुस्करलेली भाकरी आत सारली. तेव्हापासून चार महिने, दोन्ही वेळा, आधी दात, मग घास.

अशात राजूरहून जावयाचा निरोप आला: विजयमालेचे दिवस भरलेत, ती आईलाच बोलावतेय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर म्हणजे आश्रमातली आईची एक खाट.

मेट्रनबाई म्हणाल्या, "बाबांना भरवणारी दुसरी दाखव आणि खुशाल जा."

मनकर्णेनं सोबतच्या लंकाबाईला पुढं केलं. बाबांनी तिचं तोंड बघितलं. "म्हातारं हाय. माघारी न्या."

बाकीच्या आया पदरात तोंड घालून हसल्या.

"तुझा बैलबाजार तुलाच लखलाभ, मनकर्णे," लंकाबाई म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं बी कदी दात मोजले न्हाईत माझे."

दुसरी कुणी पुढं येईना. मग मनकर्णेच्या मनात आलं, बाबांनी मलाच नाकारलं तर? मग मी इथं असले काय, नसले काय.

दुसऱ्या सकाळी तिनं समोरच्या चार दातांवर मशेरी दाट थापली. लांबून बघावं तर तोंडात खिंडार. मेट्रनबाईंना मुद्दाम बोलावून ती बाबांसमोर बसली. राजूरची एसटी दहाला होती.

बाबांनी हनुवटी धरली. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा तिच्या दातांवर फिरवला, एकदा, दोनदा, आणि काळा झालेला अंगठा धोतराला पुसला.

"चांगलं जनावर वाईट दाखवतूस व्हय?" तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत ते कुठल्याशा मालकाला म्हणाले. "तुला इकायचं न्हाई वाटतं. पर म्या घेतलं."

आणि त्यांनी तोंड उघडलं.

मनकर्णेनं मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताटली तिच्या हाताशी सरकवली. मशेरी जिभेवर चरचरत होती. थुंकायला उठलं तर बाबा तोंड मिटतील, म्हणून तिनं ती लाळ तशीच गिळली आणि घास उचलला.