आईकडचं नंतर

माझ्यासारखी शहाणी मीच! कॉव्हेंट्रीच्या केअर होममध्ये चौदा महिने मुडेंडा आजोबांसमोर रेकॉर्डर धरून बसले. झांबियातल्या टोंगा लोकांचा, गोरे येण्याआधीचा इतिहास गोळा करायचा होता. तो कुठे लिहिलेला नाही, म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. आजोबा नव्वदीचे. घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेले ते शेवटचेच.

युनिव्हर्सिटीसाठी फॉर्म मीच बनवला. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. आपल्याकडे असतो तसाच. धम्मशीला कमलाकर गायकवाड. माझ्याही नावाच्या मधोमध बापच बसलाय.

परवा मँचेस्टरहून त्यांची भाची चोलवे आली. स्ट्रोकनं आजोबांची वाचा जाऊन तीन आठवडे झाले होते. मी मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे वंशावळ पसरली.

“ही कुणाची माणसं?” तिनं विचारलं.

“तुमचीच की! आजोबांचं घराणं.”

“हे मामांच्या वडिलांचं. आमचं कूळ आईकडून चालतं. जमीन, पावसाची पूजा, सगळं मामाकडून भाच्याकडे. ही माणसं आम्हाला पाहुणेच.”

“मग तुम्ही सांगा आईकडची नावं.”

“मला आजीपर्यंतच ठाऊक. पुढचं मामांना.”

“मग ते बोलले का नाहीत?” मी तिच्यावरच डाफरले.

“मामा बोलले नाहीत, असं होणारच नाही,” ती म्हणाली.

घरी येऊन पहिलं रेकॉर्डिंग लावलं. आजोबांचा आवाज: “आधी माझी आई. मग तिची आई...” आणि लगेच माझा, गोड, घाईचा: “आईकडचं नंतर घेऊ हं. आधी वडील.” दुसऱ्यातही तेच. सहाव्यानंतर त्यांनी तो विषयच सोडला, विचारलं तेवढंच सांगत गेले बिचारे. आमच्या लोकांचा इतिहास कुणी विचारलाच नाही म्हणून सभांमधून घसा फोडणारी मी! थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. खूप रडले.

सकाळी कोरा कागद घेऊन गेले. बैल गेला नि झोपा केला.

“आजोबा, आधी तुमची आई. मग तिची आई. सांगा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग धड असलेला डावा हात चादरीवर ठेवला, एक बोट मिटलं, ओठ हलवले. दुसरं बोट, पुन्हा ओठ. पाच झाली, मूठ उघडून आणखी दोन. आवाज एकदाही फुटला नाही. रेकॉर्डर चालू होता.

सातही जणी सांगून झाल्यावर त्यांनी कागदाकडे बोट केलं. लिहिलंस ना?

मी मान हलवली. हो म्हणून.