पन्नास रिकाम्या फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. निदान चाकांवरून तरी तसंच वाटतं. सरकारी अनुदानातून मी एका खाजगी शाळेत आले, पायांनी अधू असलेल्या एका मुलीसाठी. ती शाळेच्या शिपायाचीच लेक. पहिल्या दिवशी माझ्या दांड्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "बाबा, आता तुमची पाठ सुटली."

हेडसरांनी मला सामानाच्या खोलीत घालून कुलूप लावलं. मोडली तर तपासणीला दाखवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. शिपाई लेकीला पाठुंगळी घेऊन फाटकापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून संडासापर्यंत नेत राहिला.

तीन वर्षांनी तपासणीचं पत्र आलं. मला बाहेर काढलं, तर टायर नवेकोरे. हेडसरांनी हुकूम सोडला: खडीवरून पन्नास फेऱ्या, म्हणजे वापरलेली दिसेल. शिपाई मला रिकामी ढकलू लागला. लेक पायरीवर बसून बघत होती. विसाव्या फेरीला ती म्हणाली, "रिकामीच फिरवताय, तर मी बसते की."

शिपायाने हेडसरांकडे पाहिलं.

"बसव की," हेडसर हसले. "मोडून ठेव. मग उद्यापासून दोघंही घरीच बसा."

उरलेल्या तीस फेऱ्या त्याने मान खाली घालून मारल्या.

तपासणीचे साहेब आले. वाकून चाकं पाहिली, खूश झाले. रोज बसतेस ना, त्यांनी लेकीला विचारलं. तिने बापाकडे पाहिलं.

"रोज," ती म्हणाली.

'उत्तम वापर' असा शेरा मिळाला आणि मी पुन्हा कुलपात गेले.

लेक मोठी झाली, कुबड्यांवर चालू लागली. शिपायाची पाठ मात्र कामातून गेली. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्याने अंथरूण धरलं. त्याला एकदा अंगणात, उन्हात बसायचं होतं. लेक मला मागायला आली, दोन दिवसांसाठी.

"अगं, सरकारी वस्तू आहे," हेडसर म्हणाले. "विद्यार्थ्यांशिवाय कुणाला दिली, तर उद्या मला जाब द्यावा लागेल."

दहाव्या दिवशी शिपाई उन्हात आला. चौघांच्या खांद्यावर.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. तुमच्या शाळेत माझ्यासारखी कुणी दिसली, तर चाकं बघून परत फिरू नका. गादी दाबून बघा. माझी अजून तशीच फुगीर आहे. तिला कुणाचंच वजन ठाऊक नाही.